आदिवासी जमिनीच्या फायलीवर सरकारी विधी सल्ला कसा द्यायचा: टप्प्याटप्प्याने

विधी अधिकारी म्हणा, विधी सल्लागार म्हणा, पद कुठलंही असू दे, आदिवासी जमिनीची फाईल टेबलावर आली की बरेच जण अर्ज वाचतात, महसूल संहितेचं कलम ३६-अ (आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला देता येत नाही असं सांगणारं) आठवतं आणि तासाभरात अभिप्राय लिहून मोकळे होतात. दोन-चार वर्षांनी तोच अभिप्राय हायकोर्टात उताणा पडतो आणि तोपर्यंत जमिनीवर तिसरा खरेदीदार आलेला असतो. कायदा सगळ्यांना येतो, घोळ होतो तो कामाच्या क्रमात. कुठला कायदा लावायचा ते आधी ठरवतात आणि तारखा नंतर बघतात, ते उलटं पाहिजे.

खालचं सगळं महाराष्ट्रातल्या फायलींसाठी आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, प्रांत, तहसील, प्रकल्प कार्यालय, कुठेही बसत असाल तरी चालेल. दुसऱ्या राज्यांचे कायदे वेगळे आहेत, तिकडे हे जसंच्या तसं लावू नका.

टप्पा १: आधी ठरवा, सल्ला नेमका कुणाला देताय

हे बाळबोध वाटतं पण अर्ध्या फायली इथेच बिघडतात. जिल्हाधिकारी एकाच वेळी दोन टोप्या घालून बसलेले असतात. जमीन परत करण्याच्या केसमध्ये ते अर्धन्यायिक अधिकारी असतात, म्हणजे निकाल त्यांनी स्वतः डोकं वापरून द्यायचा. भूसंपादनात किंवा सरकारी जमिनीच्या प्रकरणात मात्र ते प्रशासन म्हणून वागतात. पहिल्या प्रकारच्या फायलीवर "अर्ज फेटाळावा" किंवा "मंजूर करावा" असं एका ओळीत लिहून दिलंत आणि आदेशात तीच ओळ उतरली, तर समोरचा माणूस माहिती अधिकारात तुमची टिपणी काढणार आणि म्हणणार की निकाल दुसऱ्यानेच दिला. त्यामुळे अर्धन्यायिक फायलीवर कायद्याचा मुद्दा सांगा, पुराव्यातली उणीव सांगा, निकाल लिहू नका.

दुसरी गोष्ट, वनहक्काच्या प्रकरणात वनखातं विरोध करतं आणि महसूल, आदिवासी विकास, वन असे सगळे मिळून समितीत निर्णय करतात. सगळेच सरकार. तिथे तुम्ही वनखात्याचे वकील नाही आणि दावेदाराचेही नाही, कायद्याने समितीला काय करायला सांगितलंय तेवढं सांगायचं. वनखात्याचं म्हणणं त्यांनी लेखी द्यावं, तुम्ही ते त्यांच्यासाठी सजवून देऊ नये.

टप्पा २: फाईल लावा, अभिप्रायाला हात लावू नका

फाईल आली तशी वाचायला घेऊ नका. आधी कागद तारखेप्रमाणे लावा आणि एका कोऱ्या पानावर तारीख-पट्टी काढा. डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे कागदाचा पान नंबर. ज्या घटनेला पान नंबर नाही ती घटना सध्या खरी धरायची नाही.

किमान एवढे कागद हवेतच:

- चालू सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), आणि मागे जाता येईल तितके हस्तलिखित सातबारे. ऑनलाईन उतारा पुरत नाही, जुन्या पानावर गोलात लिहिलेले फेरफार नंबर असतात, ते सगळे उतरवून घ्या
- प्रत्येक गोलातला फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल, नुसता नंबर नको
- खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र जे असेल ते दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित
- एकत्रीकरण झालेलं गाव असेल तर जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ
- विदर्भात बंदोबस्त मिसल (जुन्या जमाबंदीची नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद), मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रक (जमीन कोण कसतं याची जुनी पाहणी नोंद)
- पूर्वी केस चालली होती का, चालली असेल तर तिचा आदेश आणि रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद)

शेवटचा कागद सगळ्यात जास्त वेळा राहतो. १९७५ नंतरच्या काही वर्षांत तहसीलदारांनी जमिनी परत करण्याच्या केसेस मोठ्या संख्येने चालवल्या, त्यातल्या कितीतरी "अर्जदार गैरहजर, सबब निकाली" अशा दोन ओळींत संपल्या. अशी जुनी केस निघाली तर ती गुणवत्तेवर निकाली झाली होती का हे बघावं लागतं, नाहीतर समोरचा पुन्हा तीच केस कशी काय म्हणून पहिल्याच तारखेला आक्षेप घेतो. अभिलेख कक्षात जाऊन रजिस्टर स्वतः बघा. "आढळ होत नाही" असा शेरा बऱ्याचदा गठ्ठा न सोडताच दिलेला असतो.

तपासा: गटाचं क्षेत्र जुन्या सर्व्हे नंबरच्या क्षेत्राशी जुळतंय का? नसेल तर भूमी अभिलेखकडून खुलासा आल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीच्या गटाचा ताबा देण्याचा आदेश निघाला की ते निस्तरायला नवीन केस करावी लागते.

टप्पा ३: जमीन महसुलाची की वनाची

आता पहिला कायद्याचा प्रश्न. खातेदाराची, सातबाऱ्यावरची मालकी जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आणि १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा. वनजमीन असेल तर वनहक्क कायदा २००६. दोन्हीच्या वाटा पूर्ण वेगळ्या, अधिकारी वेगळे, अपील वेगळं.

सोपं वाटतं, पण रायगड-ठाण्याकडे दळी जमिनी (आदिवासींना कसायला दिलेले वनजमिनीचे तुकडे), पालघरकडे एकसाली प्लॉट (वर्षावर्षाच्या बोलीने दिलेले), पूर्व विदर्भात झुडपी जंगल (महसूल नोंदीत झुडपांची म्हणून दाखवलेली जमीन), हे सगळं मधल्या पट्ट्यातलं. सातबाऱ्यावर "महाराष्ट्र शासन" आणि इतर हक्कात कुणा कातकऱ्याचं नाव, असं पान दिसलं की लगेच "अतिक्रमण" लिहू नका. राज्य सरकारने किंवा स्थानिक संस्थेने वनजमिनीवर दिलेले पट्टे, लीज यांचं हक्कात रूपांतर करायचा दावा वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(छ) खाली करता येतो (इंग्रजी प्रतीत ते जी आहे, छापील मराठी प्रतींत अक्षर वेगळं दिसलं तर घोळ घालू नका, मजकूर वाचा). झुडपी जंगलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती जमीन वनच धरायची असं सांगितलंय, तेव्हा पूर्व विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांत महसूल नोंदीवर विसंबून अभिप्राय दिलात तर तो टिकायचा नाही.

टप्पा ४: व्यवहाराची तारीख, मग कायदा

इथे वेळ घालवा, बाकी सगळीकडे वाचवा.

तीन खिडक्या लक्षात ठेवा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे जमीन गेली असेल तर १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा. ६ जुलै १९७४ नंतर, परवानगीशिवाय, तर संहितेचं कलम ३६-अ. १९५७ च्या आधीचा व्यवहार असेल तर हे दोन्ही लागत नाहीत, मग तो भाग तेव्हा मुंबई राज्यात होता, मध्य प्रांतात होता की हैदराबादेत, आणि तिथे तेव्हा आदिवासीच्या जमिनीवर बंधन होतं का, ते शोधावं लागतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फेरफाराची तारीख व्यवहाराची तारीख म्हणून धरणं. समजा खरेदीखत फेब्रुवारी १९७३ ला नोंदवलं आणि फेरफार १९७६ ला प्रमाणित झाला. घाईत फेरफार बघितला की ३६-अ लावला जातो. हस्तांतर १९७३ चं आहे, कायदा १९७४ चा लागतो, आणि चुकीच्या कायद्याखाली दिलेला आदेश पहिल्याच फटक्यात उडतो. उलटही होतं. साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) आणि ताबा १९७२ चा, नोंदणीकृत खरेदीखत १९७९ चं. समोरचा म्हणणार व्यवहार १९७२ चाच, आम्हाला ३६-अ लागत नाही. साठेखताने मालकी जात नाही, खरेदी १९७९ ची आणि तिला परवानगी नाही. पण नुसत्या ताब्यालाही १९७४ च्या कायद्यातली हस्तांतराची व्याख्या लागू शकते, ती खूप रुंद आहे, त्यात विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा तर आहेच, शिवाय कोर्टाच्या हुकूमनाम्याखाली गेलेली, महसुलाच्या थकबाकीपोटी गेलेली, सोसायटीच्या वसुलीत गेलेली जमीनही येते. म्हणून अशा फायलीत दोन्ही पर्यायांची कारणं लिहा आणि मुख्य कोणतं, पर्यायी कोणतं ते स्पष्ट सांगा.

"कोर्टाच्या डिक्रीने आलीय साहेब, तिला कोण हात लावणार" हे वाक्य सुनावणीत हमखास ऐकायला मिळतं. ३६-अ मध्ये तर कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीतली विक्री नाव घेऊन लिहिलेली आहे. घाबरू नका, पण डिक्री कशाबद्दल आहे ते पूर्ण वाचा.

आडून केलेले व्यवहार वेगळे ओळखायला शिका: ९९ वर्षांचा भाडेपट्टा, रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र, विसार पावतीवर वर्षानुवर्षं ताबा, अचानक आलेला दत्तकपुत्र, किंवा हॉटेलवाल्याच्या आदिवासी नोकराच्या नावावर खरेदी आणि कंपाउंड मात्र हॉटेलवाल्याचं. शेवटच्या प्रकारात कागद आदिवासी ते आदिवासी दिसतो. पण आदिवासी ते आदिवासी व्यवहारालाही कलम ३६(२) खाली जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, ती आहे का तेच आधी विचारा, पुष्कळदा तिथेच प्रकरण उलगडतं. पैसा कुणाच्या खात्यातून गेला, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, हे पुढचे प्रश्न.

आता मुदत. ३६-अ खालच्या चौकशीला दुरुस्तीनंतर ६ जुलै २००४ पासून ३० वर्षं धरलीत, त्यामुळे जुनी छापील संहिता वापरत असाल तर ती बाजूला ठेवा, जुन्या आवृत्तीतली मुदत लिहून अर्ज फेटाळलेले आदेश आजही सापडतात. १९७४ च्या कायद्यात आदिवासीच्या अर्जाला मुदत आहे, पण जिल्हाधिकारी स्वतःहून केव्हाही चौकशी सुरू करू शकतात. अर्ज उशिरा आला तर "मुदतबाह्य" लिहून फाईल बंद करण्याआधी स्वतःहून दखल घ्यायची का हा प्रश्न सक्षम अधिकाऱ्यापुढे मांडा, तुम्ही परस्पर मिटवू नका. मात्र तेव्हा समोरून "वाजवी कालावधी"चा मुद्दा येणार आणि बहुतेक वेळा २००९ चा संतोषकुमार पाटील निकाल दाखवला जाणार. तो संहितेच्या कलम २५७ खालच्या पुनरीक्षणाबद्दल आहे, तिथे कायद्यात मुदतच लिहिलेली नव्हती. ३६-अ ला विधिमंडळाने मुदत घालून दिलीय, हा फरक अभिप्रायात आधीच लिहून ठेवा. १९७४ च्या कायद्यात "केव्हाही" असल्याने तिथे विलंबाची कारणं नीट मांडावी लागतात, तिथे गाफील राहू नका.

वहिवाटीने मालकी झाली असाही बचाव येतो. ओडिशातल्या अनुसूचित क्षेत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अमरेंद्र प्रताप सिंग खटल्यात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला प्रतिकूल ताब्याने मिळू शकत नाही असं म्हटलंय. तिथला कायदा वेगळा होता हे मान्य करून वापरा, म्हणजे टिकतं.

फाईल परवानगी मागणारी असेल, म्हणजे व्यवहार अजून व्हायचाय, तर एवढं तपासा:

- अर्ज बिगरआदिवासी घेणाऱ्याचा आहे का? कलमात तसंच लिहिलंय. बऱ्याच फायलींत अर्ज आदिवासी मालकाच्या सहीने येतो, दारूण गरज, मुलीचं लग्न वगैरे लिहून, आणि घेणारा कुठे दिसतच नाही
- पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकारी पुरे, बाकी सगळ्याला शासनाची पूर्वमान्यता
- त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत घ्यायला तयार असलेला आदिवासी नाही, याचा खरा पुरावा. चावडीवर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो आणि तलाठ्याचा एका ओळीचा दाखला एवढ्यावर समाधान मानू नका
- अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची आधीची मंजुरी. काही सरकारी प्रकल्पांना अधिसूचनेने यातून सूट मिळालीय, तिचा आधार घेत असाल तर अधिसूचना फाईलला जोडा, ऐकीव नको

टप्पा ५: अर्जदार आदिवासी आहे हे कसं बघायचं

जातप्रमाणपत्र मिळवायला वर्ष जातं म्हणून केस तहकूब ठेवणं ही पद्धतच पडून गेलीय. लक्षात घ्या, प्रश्न व्यवहाराच्या वेळचा मालक आदिवासी होता का, हा आहे. तो कदाचित १९८० सालीच वारलाय, त्याचं प्रमाणपत्र कुठून येणार? मग शाळेचा दाखला, जन्ममृत्यू नोंद, जुन्या खरेदीखतातच लिहिलेली जात (ही फार उपयोगी, घेणाऱ्यानेच सही केलेली असते), नातेवाईकांचे वैधता दाखले हे सगळं पुरावा म्हणून घ्या. खरा वाद उभा राहिला तरच पडताळणी समितीकडे.

"तेव्हा त्या तालुक्यात ही जमात यादीत नव्हती" हा आक्षेप विदर्भ-मराठवाड्याच्या फायलींत नेहमी येतो, कारण क्षेत्रबंधन (जमात ठरावीक भागातच अनुसूचित धरायची अट) उठलं १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने. उत्तर कलम ३६ च्या स्पष्टीकरणातच आहे: यादीतल्या जमातीचा माणूस त्या ठरावीक क्षेत्राबाहेर राहत असला तरी त्याला हे संरक्षण आहे. स्पष्टीकरण वाचायला कुणी पान उलटत नाही म्हणून अर्ज फेटाळले जातात.

वारस असतील तर सगळे वारस पक्षकार करा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट. एक भाऊ समोरच्याच्या बाजूने "आम्हाला जमीन नको" म्हणून प्रतिज्ञापत्र देतो हेही होतं, ते त्याच्यापुरतंच.

टप्पा ६: नोटीस आणि सुनावणी

नोटीस फक्त पहिल्या खरेदीदाराला देऊन चालत नाही. आज सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत ते सगळे, बोजा असेल तर बँक, प्लॉट पडले असतील तर प्लॉटधारक. नोटिशीत कायदा, कलम आणि कुठला व्यवहार हे लिहा. "आपणांस कळविण्यात येते की दि. … रोजी हजर राहावे" एवढीच नोटीस असेल तर ती नोटीसच नाही.

सावधान: वकिलांचा मुद्दा. १९७४ च्या कायद्याचं कलम ९-अ आणि संहितेचं ३६-बब यांनी या केसेसमध्ये वकिलांना हजर राहायला बंदी आहे, पक्षकार अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर त्याच्या वतीने पालक हजर राहू शकतो. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या निकालात हा कायदा आणि ही बंदी दोन्ही वैध ठरवलं. तरीही वकीलपत्र दाखल होतं, शिरस्तेदार ते आवक करून घेतो, दोन तारखांना वकील उलटतपास घेतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं. रोजनाम्यात पहिल्याच तारखेला ही तरतूद नोंदवून घ्या. आणि त्याची दुसरी बाजूही सांभाळा, वकील नाही म्हणजे अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगायची जबाबदारी कार्यालयाची. माडिया किंवा भिली बोलणाऱ्या म्हातारीचा जबाब शुद्ध शासकीय मराठीत चार पानं आणि खाली अंगठा, हे हायकोर्टात वाचून दाखवलं की लाज जाते. दुभाष्याचं नाव आणि सही घ्या.

स्थळ पाहणीचा पंचनामा सुनावणीच्या तारखेच्या आत करून घ्या, त्यात विहीर, बांध, झाडं, घर कुणी कधी केलं ते लिहा, कारण सुधारणांची किंमत पुढे ठरवायची असते. १९७४ च्या कायद्यात ६ जुलै १९७४ ला किंवा आधी बिगरशेती वापरात गेलेली जमीन परत मिळत नाही, तेव्हा नुसता आजचा एनए आदेश बचाव होत नाही, त्या दिवशीचा वापर दाखवावा लागतो.

वनहक्काचा दावा असेल तर

इथे वाट बदलते. दावा ग्रामसभेकडून वनहक्क समितीमार्फत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा, जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं. ही ७५ वर्षं त्या एकाच तुकड्यावर कब्जा असण्याची अट नाही, वनात वास्तव्य आणि अवलंबन असण्याची आहे, केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने ते स्पष्ट केलंय. तरीही "७५ वर्षांचा कब्जा सिद्ध नाही" या छापील शिक्क्याने दावे नामंजूर होतात.

अभिप्राय देताना चार गोष्टी बघा. वनहक्क नियमांतल्या नियम १३ मधले एकाहून जास्त पुरावे आहेत का, आणि गावातल्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब हाही त्यातलाच एक पुरावा आहे. सॅटेलाईट नकाशा हाच एकमेव आधार धरून दावा नाकारला का, तर ते नियम १२-अ च्या विरुद्ध, तो पूरक आहे, बाकी पुराव्याच्या जागी येत नाही. नामंजुरीची कारणं लेखी आणि वैयक्तिक कळवली का, कारण ६० दिवसांची अपील मुदत त्यावर चालते. आणि ग्रामसभेच्या ठरावाशी समिती असहमत असेल तर फेरविचाराला परत पाठवलं का, की परस्पर कात्री लावली. महाराष्ट्रात अनुसूचित क्षेत्रासाठी राज्यपालांच्या मे २०२० च्या अधिसूचनेने जिल्हास्तरीय समितीच्या वर विभागीय समितीकडे अपील आहे, नामंजुरीच्या पत्रात त्याचा उल्लेख करायला सांगा.

पडताळणी संपेपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला हटवता येत नाही. वनखात्याची नोटीस आणि प्रलंबित अपील एकाच वेळी चालू असतील तर त्याच दिवशी टिपणी ठेवा, साप्ताहिक बैठकीची वाट बघू नका. आणि मिळालेला वनहक्क वारसाने जातो, विकता येत नाही, पती-पत्नी दोघांच्या नावाने असतो. पट्ट्यावर एकच नाव दिसलं तर दुरुस्ती सुचवा.

टप्पा ७: आता अभिप्राय लिहा

दोन ते तीन पानं पुरतात. तारीख-पट्टी आधी, मग प्रश्न, मग तरतूद, मग पुरावा पान नंबरसह, मग उणिवा, शेवटी पुढे काय करायचं. निकालांची जंत्री लावू नका, एक लागू पडणारा पूर्ण वाचलेला निकाल पुरतो. हेडनोटवरून निकाल टाकलात आणि आत उलटं निघालं तर तुमच्या पुढच्या दहा अभिप्रायांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

"नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी" हे वाक्य लिहू नका. त्याने कुणालाच काही कळत नाही, फाईल फक्त पुढच्या टेबलावर जाते.

तपासा: अधिकार कुणाला आहेत? जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला दिलेले असतील तर ती अधिसूचना फाईलला जोडलेली हवी.

टप्पा ८: आदेश झाल्यावर

इथे सगळे ढिले पडतात. १९७४ च्या कायद्यात आदिवासीने स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि आकारणीच्या ४८ पट किंवा दिलेली किंमत, यातली कमी ती रक्कम, अधिक सुधारणांची किंमत भरायची. ही रक्कम आदेशातच आकड्यात लिहिलेली हवी. "नियमाप्रमाणे रक्कम" लिहिलं की ताबा अडकलाच समजा.

३६-अ मध्ये व्यवहार अवैध ठरला की जमीन आधी सरकारकडे निहित होते, उभ्या पिकासकट. पुढे मूळ आदिवासीला लेखी नोटीस द्यायची आणि तो घ्यायला तयार आहे का हे ९० दिवसांत कळवायला सांगायचं. कितीतरी फायली "सरकारजमा" शेऱ्यावर थांबल्यात, नोटीस गेलीच नाही, आणि अर्जदाराला वाटतं केस जिंकली पण जमीन सरकारने खाल्ली. आदेशाच्या मसुद्यातच या नोटिशीची तारीख टाकून ठेवा.

ताबा देताना मोजणी, पंचनामा, ताबा पावती आणि सातबाऱ्यावर फेरफार, चारही एकाच पंधरवड्यात. तिथे पुन्हा घुसखोरी झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आदिवासीची जमीन बळकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पोलिसांना पत्र त्याच कलमासह जाऊ द्या.

भूसंपादन चालू असलेल्या पट्ट्यात एक जास्तीचं काम: प्रलंबित केसची यादी भूसंपादन अधिकाऱ्याला आधीच द्या. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला एकदा वाटला गेला की परत येत नाही. हक्काचा वाद असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे रक्कम प्राधिकरणाकडे जमा करता येते.

टप्पा ९: अपील आणि हायकोर्ट

१९७४ च्या कायद्याखालच्या आदेशावर अपील महसूल न्यायाधिकरणात. दिवाणी कोर्टात कुणी मनाई हुकूम मागितला तर संहितेचं कलम ३६-क दाखवा, दिवाणी कोर्टाला या प्रश्नांत अधिकार नाही, पण ते सांगायला कुणी हजरच राहिलं नाही तर मनाई मिळून जाते. समन्स आवक झालं त्याच दिवशी जिल्हा सरकारी वकिलांना फाईलसह गाठा.

रिट दाखल होणार असं दिसलं की कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाका. रिट याचिकेवर परिच्छेदनिहाय शेरे पाठवताना "मान्य" आणि "अमान्य" एवढंच नको, अमान्य का आणि कुठल्या पानावरून ते लिहा. शपथपत्र त्या अधिकाऱ्याने करावं ज्याने फाईल वाचलीय, नाहीतर कोर्टाने एक प्रश्न विचारला की "माहिती घेऊन सांगतो" सुरू होतं. मूळ रेकॉर्ड पाठवण्याआधी पूर्ण स्कॅन आणि पान नंबर टाकलेली एक प्रत ऑफिसात ठेवा, नागपूरला किंवा संभाजीनगरला गेलेला गठ्ठा परत यायला किती वेळ लागेल याची कुणी खात्री देत नाही आणि तोपर्यंत त्याच गटाबद्दल दुसऱ्या वारसाचा अर्ज आलेला असतो.